भवानी झाल्याशिवाय

चिंगे,

मी पुढे जातेय, तुझं टेबल तूच उचलून आण. मुलांच्या मागच्या बाजारात माझ्या साबणांना कुणी हात लावला नाही, तेव्हा तू सगळ्यांसमोर खिदळलीस. तुझ्या दोऱ्याच्या बांगड्या मात्र हातोहात खपल्या. आता आईच्या कपाटाचा खालचा खण उघडून बघ. सगळ्या तिथेच आहेत. आईनेच दवाखान्यातल्या मावश्यांना पाठवून त्या विकत आणवल्या होत्या.

आज आईची ड्यूटी आहे, मावश्यांचीही. म्हणजे तुझ्याकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही. आणि पहिलं गिऱ्हाईक येऊन भवानी झाल्याशिवाय घास गिळायचा नाही, हा नियम तुझाच ना? म्हणून तुझा डबा भरलेला नाही.

ताई