जास्त भाजून द्या ना

प्रिय डेलमर,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्यात फार काही शोधत बसू नकोस. तू ट्रकवाल्याबरोबर बर्फात घालून पाठवलेला बीफच्या बरगडीचा अख्खा तुकडा पोचला. काय त्याचा थाट! तुझ्याच कुरणावरचं जनावर, वर चरबीचा पांढराशुभ्र थर. आणि फोनवर तुझा तो बिचारा आवाज, ‘अर्लीन, पोरीला आवडलं का कळव. आवडलं तर तिच्या लग्नाचं जेवण मीच येऊन भाजतो. फक्त बोलवा.’ कळवते ना. सगळं कळवते.

रविवारी लायलने तो अंगणातल्या झाकणाच्या शेगडीवर चढवला. हो, माझ्या नवऱ्यानेच. शाळेची बस चालवणारा, तुझ्या भाषेत ‘गाईचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली हे न कळणारा’. तू पाहायला हवं होतंस रे! तू कसे निखारे दोन्ही कडांना सारायचास, मधे चरबी गळायला ताट ठेवायचास, आणि कोणी झाकणाला हात लावला की अंगावर धावून यायचास. या बाबाने गोणीभर कोळसा सरळ मांसाखालीच पेटवला. चरबी ठिबकली आणि असा भडका उडाला की शेजारीण पाण्याची नळी घेऊन धावली. हा आपला घडीघडी झाकण उघडून डोकावतोय, भुवया जळल्यात, आणि वर मलाच विचारतोय, ‘झालं असेल का गं?’ मी हसून हसून बेजार. खाली उतरवलं तेव्हा बाहेरून कोळसा आणि आतून चामडं. जरा मुरू द्यावं, तर तेही नाही, लगेच सुरी घातली. तुझ्या जनावराची पार माती केली त्याने. मला काय मजा आली म्हणून सांगू!

आता नीट ऐक. आपल्या कॅरिनने ते खाल्लं. टोकाचा अगदी काळा तुकडा मागून घेतला, त्यावर केचप ओतलं (बस खाली, चक्कर येईल तुला) आणि पुन्हा ताट पुढे केलं. लायल शरमून म्हणाला, ‘अगं राहू दे, वाट लावली मी, पिझ्झा मागवू या.’ तर म्हणाली, ‘नको हो, मला असंच आवडतं. लहानपणापासून.’

तुला ठाऊक नव्हतं ना? कसं असेल! आठ वर्षांची होती. चार जुलै, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, तुझे भाऊ, त्यांच्या बायका, सगळा गोतावळा अंगणात. ती ताट घेऊन तुझ्याकडे आली, ‘बाबा, यात रक्त दिसतंय. जास्त भाजून द्या ना.’ एवढंच. क्षणभर निखाऱ्यावर धरला असतास तर तुझं काय जाणार होतं, मेल्या? पण नाही. ‘गुरं पाळणाऱ्याच्या घरात ही कुठली राजकन्या जन्माला आली!’ म्हणत तिला सगळ्यांसमोर बसवलंस. ताट संपेपर्यंत उठायचं नाही. ती रडत रडत चावत राहिली, शेवटी ओकली, आणि तू भावाला टाळी देऊन म्हणालास, ‘बघा, वासरू रवंथ करतंय!’ काय हसलात सगळे. त्यानंतर तिने तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. सायकल नाही, नवे बूट नाहीत. तू मात्र चारचौघांत मिरवायचास, माझी पोरगी किती समजूतदार आहे म्हणून.

तर लग्नाचं. नाही. भाजायला नाही आणि जेवायलाही नाही. चर्चमध्ये बापाच्या जागी तिचा हात धरून लायल चालणार आहे. हे माझ्या मनचं नाही हं, मी तर म्हटलं होतं, येऊ दे त्याला, बसेल कोपऱ्यात. ताटं विसळता विसळता कॅरिनच म्हणाली, ‘नको आई. तूच कळव त्यांना. पण जपून लिही गं, वय झालंय त्यांचं, लागेल त्यांना.’ मी तिला शब्द दिला आणि लिहायला बसले. डेलमर, हे मी जपूनच लिहिलंय.

एके काळी तुझीच,
अर्लीन