शेंदूर लावलेला क्रँकशाफ्ट

फतेगंज, बडोदे
१९ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप दादास,

सुभाषचा साष्टांग नमस्कार (इंजिन उचलताना कंबर धरली आहे, तेव्हा तो उभ्यानेच समजावा). वहिनींचे गुडघे कसे आहेत? चि. निरुपमाची लग्नाची खरेदी आटोपली का? इकडे मंदा आणि मुलं मजेत. आनंदीआत्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. दादा, आठ दिवस झाले तरी मी हादरलेलाच आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर रागावू नका.

इथे बडोद्यात लग्नाच्या दिवशी निरुपमाला बाबांच्या जुन्या मोटारीतून मांडवात आणायचं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती मोटार पुण्याला न्यायची, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मी इंजिन पार खोललं. (कोयलीच्या रिफायनरीत बारा वर्षं पंप उघडतोय, पण तिथे मध्ये घरचं कोणी येत नाही.) क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला तो वेडावाकडा मुख्य दांडा, बेअरिंगांत नीट बसतो की नाही हे बघायची बाबांची रीत तुम्हाला आठवत असेल. दांड्याला तेलात कालवलेला शेंदूर पातळसा फासायचा, बेअरिंगात ठेवून टोप्या आवळायच्या, एक फेरा फिरवायचा आणि उघडून बघायचं. लाल लागेल तिथे धातू वर आलेला, तेवढाच खरवडायचा. पहिल्या वेळी फक्त कडेला लाल लागलं. पाच दिवस खरवडत बसलो. अकरा तारखेला, शनिवारी, सगळीकडे सारखा रंग उमटला आणि मी एकट्यानेच टाळी वाजवली. आता शेंदूर पुसायचा, बेअरिंगांना जाड तेल चोपडायचं (इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा आतलं तेल पोहोचायला वेळ लागतो, तोवर कोरडं फिरलं की बेअरिंग वितळलंच) आणि जोडायचं. दांडा आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून व्हरांड्यातल्या कोनाड्यात उभा केला आणि गॅस्केट आणायला रावपुऱ्यात गेलो. तासाभरात परतलो.

दादा, माझ्याच व्हरांड्यात शिरताना शेजारच्या कांचनबेन मला म्हणाल्या, "सुभाषभाई, चंपल बहार काढो!" मी काढल्या. आत बघतो तर क्रँकशाफ्टच्या गळ्यात रुईची माळ, पुढे नारळ, उदबत्ती, आणि आत्या पाटावर बसून जप करतेय. शनिवार, शेंदूर आणि तेल! आत्याला म्हटलं, अगं, हा मोटारीचा भाग आहे. तिने डोळे आणखी घट्ट मिटले. कालच्या शनिवारी तर चाळीसेक माणसं येऊन गेली. कुणाला त्यात गदा दिसते, कुणाला शेपूट, मंदाला (माझ्या बायकोला!) चेहरासुद्धा दिसतो. एक बाई मारुतीला वाहायला उडीद आणि मीठ घेऊन आल्या. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावर मीठ! पण आत्याच मध्ये पडली. आमच्या मारुतीला मीठ चालत नाही, म्हणाली. उडीद तेवढे घेतले. देवच पावला म्हणायचा. माझा जाड तेलाचा डबा मात्र पाव रिकामा झालाय. कोण नेतं, कळत नाही. इतक्या माणसांसमोर देवाला उचलून इंजिनात घालायची माझी छाती नाही, आणि लग्न पंधरा दिवसांवर आलंय.

वहिनींना नमस्कार, निरुपमाला आशीर्वाद.

तुमचा,
सुभाष

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी गंज धरलाय का ते बघायला गेलो. गंजाचा ठिपका नाही. बोट फिरवलं, तर दांड्यावर सगळीकडे माझंच जाड तेल, अगदी कानाकोपऱ्यात चोपडलेलं. आत्याला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांना शेंदूर कोण कालवून द्यायचं?" दादा, हा दांडा काय आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ता. क. २. तिने तुमचं पत्र वाचलं होतं. काका (तिचे यजमान) गेले तेव्हा बाबांनी तिला सासरहून याच मोटारीतून कायमचं घरी आणलं. त्या दिवशी बाबा वाटेत तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा इंजिनाचं निमित्त सांगितलं, पण इंजिनाला काहीच झालं नव्हतं, तिला रडून घेता यावं म्हणून थांबले होते. हे मला आजच कळलं. मलाही रडू आलं, लपवत नाही.

ता. क. ३. गाडी बडोद्यातून हलणार नाही असं तुम्ही लिहून दिलंत, तर देव त्याच दिवशी इंजिनात जायला तयार आहे. कागद सोबत जोडला आहे, फक्त सही करायची. मजकूर आत्याचा आहे. अक्षर माझं आहे, आणि ते अजिबात वेडंवाकडं आलेलं नाही.