लुमीरच्या इंजिनाचा दाखला

क्लाडनो, नेब्रास्का
११ एप्रिल १९९४

ती. अल्बिनाताईस, धाकट्या मिलोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. साठीला टेकलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला शेडमध्ये बसून मोटरसायकल बनवायची बुद्धी कोण देतं, असं तू विचारलंस. डॉक्टर देतो. चालू नकोस म्हणाला. चालवू नकोस असं काही म्हणाला नाही.

गाडी तयार आहे. चासी मी स्वतः वेल्ड केली. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वेल्डिंग केलं, ते कुठेतरी कामी यायला नको? चाकं भंगारातली, टाकी लिलावातली. इंजिन मात्र घरचं. लुमीरदादा गेल्यावर डेल्फीनवहिनीने ओरेगनहून पेटारा पाठवला, हे तुला कळवलं होतंच. आत गोधडीत गुंडाळलेलं बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन. सदतीस वर्षांनी दादाने ते परत केलं, तेही स्वतः न येता. काही माणसांचा स्वभाव मेल्यावरही सुधारत नाही.

आता घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी शेरिफच्या कचेरीची तपासणी, मग सरकारी नंबर, मग मालकीचा दाखला. आमच्या वाट्याला आला डेप्युटी वेन्डल क्रूस. वय तीस, मिशी नवी, अधिकार मिशीहून नवा. तासभर बॅटरी मारून गाडी पाहिली आणि प्रत्येक भागाची पावती मागितली. आरशाचीसुद्धा. मी म्हटलं, आरशात दिसतोय त्या माणसाचीही पावती हरवली आहे. तो हसला नाही, लिहून घेतलं. शेरा असा: पावत्या अपुऱ्या, मागचा इंडिकेटर मंद, पुन्हा या.

लोभ आहेच, त्याची तरी तपासणी नको.

तुझा,
मिलो


डुलुथ, मिनेसोटा
१९ एप्रिल १९९४

चि. मिलोस अनेक आशीर्वाद.

या वयाच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो. पण तुझे उद्योग पाहता मायना बरोबर आहे.

इथे सरोवरावरचा बर्फ अजून हललेला नाही. मीही नाही. परवा खसखशीचं सारण भरून कोलाची, आईचे ते गोड पाव, भाजल्या. शेजारीण म्हणाली, छान झाल्या आहेत, जरा कडक. दात तिचे पडलेत, दोष माझ्या कोलाचींना.

एक सुचवते. ते इंजिन काढून टाक आणि दुसरं कुठलंतरी बसव. जुन्या वस्तूला जुने रोग असतात. तुझ्या डेप्युटीलाही चकचकीत काहीतरी आवडेल. मला यंत्रातलं कळत नाही हे खरं, पण माझं ऐकून आजवर तुझं नुकसान झालेलं नाही. अर्थात तू ऐकलं आहेस कधी?

प्रकृती जप, हेल्मेट घाल, राग मानू नकोस.

तुझी,
अल्बिना


क्लाडनो
६ मे १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल पुन्हा कचेरीत गेलो. पावत्यांची ही एवढी चळत, आरशाचीही मिळवली. वेन्डलने इंजिनावरचा नंबर उतरवून संगणकात पाहिला. काही निघालं नाही. शहाणा माणूस तिथे थांबला असता. हा तळघरात उतरला, पत्र्याचं जुनं कपाट उघडलं आणि एक पिवळं कार्ड घेऊन वर आला. चेहऱ्यावर आनंद असा की जणू सोन्याची खाण लागली.

त्या काळी गाडीचा नंबर म्हणजे इंजिनाचाच नंबर. कार्डावर लिहिलंय: मोटरसायकल चोरीस, ९ जून १९५७, संशयित लुमीर हृबी, तक्रारदार ए. हृबी.

ए म्हणजे आलोईस. आपले बाबा, ताई! मी तेव्हा सैन्यात, जर्मनीत. मला एवढंच कळलं होतं की दादा भांडून गाडी घेऊन गेला. पोटच्या पोराला चोर ठरवून हा गृहस्थ दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. त्याच नोव्हेंबरात आई गेली, मी रजा काढून आलो, दादा आला नाही, तर आपण सगळे त्याला दगड म्हणालो. तो येणार कसा होता? दारात बेड्या होत्या.

वेन्डल म्हणतो, तक्रारदाराने समक्ष येऊन तक्रार मागे घ्यावी, नाहीतर साठ दिवसांनी इंजिन जप्त. मी म्हटलं, तक्रारदार टेकडीवर पुरलेला आहे, उजवीकडून तिसरा, समक्ष जाऊन विचारा. तो म्हणाला, मग मूळ कागद आणा. बाबांची कागदपत्रं तूच नेली होतीस. शोध.

घाईत आहे, म्हणून लोभाबद्दल पुढल्या खेपेस.

मिलो


डुलुथ
१४ मे १९९४

चि. मिलोस आशीर्वाद. पुढचं वाचून झाल्यावर हवे असतील तर ठेव.

ए म्हणजे अल्बिना.

लुमीर पहाटे गेला. आईला उठून बसवत नव्हतं, बाबा तीन दिवस कुणाशी बोलत नव्हते, तू जर्मनीत बिअर पीत होतास. मी सत्तावीस वर्षांची होते आणि माझी डुलुथची नोकरी ठरली होती. तो गेला म्हणजे आईबाबांना बघायला मी अडकले. मी कचेरीत जाऊन सांगितलं, गाडी चोरली. वाटलं, दोन दिवसांत पकडून आणतील, बाबा ओरडतील आणि सगळं पूर्ववत होईल. मी किती हुशार होते ते बघ.

बाबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी गाडीचा दाखला काढला, मागे लुमीरच्या नावावर सही केली आणि मला म्हणाले, आधी तक्रार मागे घे, मग त्याचा पत्ता कळला की हा पाठव. मी गेले नाही. आधी रागाने, नंतर लाजेने. आईच्या दफनाला सगळे त्याला दगड म्हणाले, तेव्हा मीही मान हलवली.

दाखला माझ्याकडे आहे. मी कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे. तुझ्या डेप्युटीला सांग, तक्रारदार जिवंत आहे.

लोभाची मागणी करण्याचा हक्क या पत्राला नाही.

अल्बिना


क्लाडनो
२२ जून १९९४

अल्बिनाताईस,

चार जुलैला मुदत संपते आणि त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे. एक तारखेला शुक्रवारी सकाळी दहाला कचेरीत ये. दाखला घेऊन ये. बसस्टँडवर येईन.

तुझं पत्र पाच आठवडे खिशात आहे. त्यावर लिहायला बसतो आणि वेल्डिंग करायला उठतो. गाडीला आता जितके जोड आहेत तितके पुलालाही नसतात.

मिलो


डुलुथ
८ जुलै १९९४

चि. मिलोस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारी एक बाई तीन राज्यं घोरत होती. तुझ्या सोबतीपेक्षा बडबडी म्हणायची. न्यायला आलास, सोडायला आलास, आणि मधे तुझ्या तोंडून निघाले शब्द चार: चल, इथे, सही, बस. तरी माझी पिशवी तुझ्या त्या गुडघ्यांनी फलाटापर्यंत नेलीस, ते मी पाहिलं.

तू बाहेर गाडीजवळ उभा होतास म्हणून सांगते. फॉर्म भरताना वेन्डलने विचारलं, चोरीचा ऐवज परत मिळाला का. मी म्हटलं, गाडी लुमीरचीच होती आणि लुमीर परत मिळालेला नाही. त्याने पेनाने चौकटीची लांबी मोजली. मग म्हणाला, बाई, या चौकटीत एवढं मावत नाही. त्याने "तक्रार चुकीची" एवढंच लिहिलं, मला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं. मिशी त्याला शोभते.

तुला लिहावंसं वाटेल तेव्हा लिही. मी कुठे जात नाही.

अल्बिना


ओरेगन
२१ ऑगस्ट १९९४

ती. अल्बिनाताईस सा. न. वि. वि.

दाखला आला. बनावटीच्या जागी सरकारने "घरगुती" छापलंय, जसं काही मी लोणचं घातलंय. सरकारी नंबराची पट्टी चासीवर रिव्हेट केली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. वायोमिंगमध्ये एक टायर फुटला, आयडाहोत पाठ धरली. इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. आता डेल्फीनवहिनीच्या स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे.

मी वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, ती आता तुला शिव्या देईल आणि मला ऐकायला मिळतील. ती म्हणाली, हे तर लुमीरला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. वायोमिंगमध्ये त्याला एका पोलिसाने अडवलं होतं. नेब्रास्काहून आलेल्या तारेत तक्रारदार म्हणून तुझं पूर्ण नाव होतं. पोलिसाने विचारलं, ही अल्बिना कोण? दादा म्हणाला, बहीण. पोलीस म्हणाला, भावाबहिणीची भांडणं घरी मिटवा. मी तुला पाहिलंच नाही असं समज, पण तक्रार उभी आहे तोवर नेब्रास्कात पाऊल टाकू नकोस.

आईची बातमी त्याला महिन्याने कळली. नंतर तो वाट पाहत राहिला, तू तक्रार मागे घेशील म्हणून. तू वाट पाहत राहिलीस, त्याचा पत्ता येईल म्हणून. एका गोठ्यात दोन खेचरं.

पण तो तुझ्यावर चिडला नव्हता, ताई. वहिनीला हसून सांगायचा, घरातून मी निघालो तेव्हा सगळे गप्प बसले. मला परत आणा म्हणून पोलिसांपर्यंत धावली ती एकटी अल्बिना.

माझा राग अजून आहे. कमी झाला की कळवीन. परत येताना डुलुथवरून येतो आहे. ते वाटेत नाही, हे मला नकाशा बघून कळतं.

मागे बसायला सीट आहे. हेल्मेट वहिनी देते आहे, लुमीरदादाचं. तुला जरा मोठं होईल.

तुझा,
मिलो