भुऱ्याची पहिली भाकर

चिरंजीव दगडोबास, मायचा आशीर्वाद.

भुऱ्या कुत्रा म्हातारा झाला, पोळ्याला येतो तवा त्याला गोळी घालतो, आन निजामाच्या पलटणीतल्या आपल्या साहेबाचं विलायती कुत्रं आणून देतो, असा निरोप तू धाडलास. ते झुपकेदार केसांचं कुत्रं इथल्या उन्हात टिकायचं न्हाई. मला लमाणी कुत्रंच पसंत. हा उंच, सडपातळ भुऱ्या पिल्लू असताना थावरा लमाणानं तांड्यावरून आणून दिला, तवापासून लांडग्यानं एक शेळी नेली न्हाई.

आता त्याला ऐकू येत न्हाई, मागचे पाय ओढतो, व्हय. म्हणूनच त्याला रोज बांधापर्यंत चालवते, सांध्यांना करडीचं कोमट तेल चोळते, गोचिड वेचते. कुत्र्याची भाकर शेवटची थापतात. मी त्याची पहिली थापते आन ताकात कुस्करते. धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, कुत्र्याचे एवढे लाड काहून?" म्हटलं, "शेळ्या कोणी राखल्या? तुझ्या पलटणवाल्या भावजीनं?"

हे पत्र टपालात टाकत न्हाई. वाचून तुला अक्कल यायची असती तर शाळेतच आली असती. खुशाल ये बंदूक घेऊन. दारात आमी दोघं बसलेलो असू. त्याचे दात पडलेत, माझे हायेत.

तुझी माय,
मनकर्णा