विश्वाला मध्य नसतो, हे शिकवल्याबद्दल

मी, जसोदा रूपचंद पाटील, वय अडुसष्ट, अविवाहित, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार शहादा, जिल्हा नंदुरबार, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर दडपण आणणाऱ्यांना न जुमानता, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेचे काय करावे हे लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पोटातल्या गाठीबद्दल चिंचपाड्याच्या दवाखान्यात मला सरळ शब्दांत सांगण्यात आले आहे. दिवाळी दिसेल; होळीचे सांगता येत नाही.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. हेमकांत वसावे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याची गरज पडली, कारण माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा धीरज, बाजारात सांगत फिरतो, "फुईनं डोकं फिरी जायेल शे." धीरजने स्वतःचे डोके आजवर फक्त हेल्मेट अडकवण्यासाठी वापरले आहे, तेही पुढे पोलीस उभा दिसला तरच. तेव्हा या विषयातले त्याचे मत कोर्टाने विचारात घेऊ नये.

१. या मृत्युपत्राचा अंमल माझे विद्यार्थी अ‍ॅड. ललित चौधरी यांनी करावा. ललित नववीत असताना ग्रह आणि तारे यांतला फरक त्याला कधी नीट सांगता आला नाही. पण येत नसेल तर "येत नाही" म्हणायचा. या तालुक्यात एवढा गुण वकिलीला पुरून उरतो.

२. माझी दुर्बीण रुपा दिवाल्या पावरा हिला द्यावी. रुपा मोलगीकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. दुर्बीण मी स्वतःच्या पगारातून घेतली होती. ती संस्थेची आहे असे माझे थोरले बंधू नवनीत रूपचंद पाटील, अध्यक्ष, आमची शिक्षण संस्था, हे म्हणतील. ते तसे का म्हणतील आणि त्यांचे का ऐकू नये, हे समजण्यासाठी झालेली हकिगत लिहिणे भाग आहे.

नववीच्या वर्गाला मी विश्वाची उत्पत्ती शिकवत होते. आमच्या शाळेत हा भाग वाचून दाखवायचा, खाली रेघ मारायला सांगायची आणि पुढे जायचे, अशी पद्धत होती. मुख्याध्यापक म्हणायचे, "एका मार्काला येतं बाई, कशाला एवढी दगदग?" हे गृहस्थ एम.एस्सी. होते. पदवीवरचे नाव त्यांचेच होते, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

मी वर्गात पोळपाट-लाटणे नेले. कणकेच्या गोळ्यावर तीळ लावले आणि लाटायला घेतले. पोरे हसली. मी म्हटले, हसा, पण बघत राहा. गोळा पसरत गेला तसे तीळ एकमेकांपासून लांब गेले. मी एका तिळावर बोट ठेवून विचारले, "याला काय वाटत असेल?" मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सगळे मला सोडून चालले." दुसऱ्या तिळावर बोट ठेवले. त्यालाही तेच वाटणार. मग मधला तीळ कोणता? पोरे पोळपाटावर वाकली, भांडली आणि शेवटी त्यांनी बोटे काढून घेतली. कडा दिसतात त्या पोळीच्या, विश्वाला तशी कड सापडलेली नाही, हेही मी सांगितले. मध्य कुठेच नाही, आणि आपण तर मुळीच मध्यात नाही, हे चौदा वर्षांच्या पोरांना घंटा व्हायच्या आत कळले. माझ्या भावाला पंच्याहत्तराव्या वर्षीही कळलेले नाही.

एका पालकाने तक्रार केली. हा पालक खताच्या गोण्यांत वाळू भरण्यासाठी प्रसिद्ध होता, पण मुलाच्या श्रद्धेत भेसळ त्याला खपली नाही. नवनीतभाईंनी मला कार्यालयात बोलावले. सगळे शिक्षक भिंतीला टेकून उभे होते.

"जसु, पोऱ्हेसले हाई काय शिकाडी ऱ्हायनी तू? मंग देवनी काय करं?"

मी म्हटले, "ते मी कशी सांगू भाई? मन्हा विषय भौतिकशास्त्र शे."

"लिखी दे. तू शिकाडं ते सिद्ध नही शे, असं लिखी दे."

मी कागद मागितला आणि लिहिले : पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे संस्थेस मान्य आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा मिळावा, म्हणजे पुढील पाठ घेणे सोयीचे होईल. खाली सही केली. खुलासा आजतागायत मिळालेला नाही. मुख्याध्यापक त्या वेळी छताच्या पंख्याकडे असे पाहत होते, जणू तोच सूर्य.

त्याच वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी आधुनिक हवे म्हणून एरवी कपाटात कोंडलेली माझी दुर्बीण मला न विचारता मांडवात आणली. तिला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. सकाळची अकराची वेळ, वर कापडी छत. पाहुणे एकेक करून डोळा लावत होते आणि "वा, वा" म्हणत होते. नवनीतभाई सगळ्यांत जास्त वेळ वाकून होते. उठून त्यांनी वार्ताहराला सांगितले की शनीचे कडे पाहून मन भरून आले.

मी पुढे होऊन म्हटले, "भाई, झाकन काढेल नही शे."

आधी पोरे हसली, मग पालक, आणि शेवटी पाहुणेही, कारण पाहुण्यांना आपण हसलो नाही तर आपणही त्यांतलेच ठरू हे उमगले. भाऊ हसला असता तर सगळे तिथेच मिटले असते. तो हसला नाही. तो लहानपणीही पत्त्यांत हरला की डाव उधळायचा.

जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या धडगाव शाखेत झाली. दुर्बीण मी माझ्या पावतीसह परत मागितली आणि जीपच्या टपावर गादीत गुंडाळून घाटातून वर नेली. ती तशीच रुपाकडे जावी. तिचे झाकण मात्र वेगळे काढून श्री. नवनीत रूपचंद पाटील यांना द्यावे. त्यांनी त्यातून जे पाहिले ते आणखी कोणाला दिसलेले नाही, म्हणून त्यावर त्यांचाच हक्क पोहोचतो.

३. तापीकाठी, सारंगखेड्याच्या बाजूला वडिलोपार्जित जमिनीत माझा जो हिस्सा आहे, तो धीरजची मुलगी मयूरी हिला द्यावा. ती सज्ञान होईपर्यंत अ‍ॅड. ललित यांनी त्याची व्यवस्था पाहावी. माझी बदली होईपर्यंत हक्कसोडपत्रावर माझी सही घेण्यासाठी भाऊ दर राखीपौर्णिमेला पेन घेऊन यायचा. मी राखी बांधायचे आणि पेन ठेवून घ्यायचे. मयूरीलाही एक दिवस असेच पेन पुढे केले जाईल, आणि ते तिच्या सख्ख्या भावाच्या हातात असेल. मयूरी, सही करू नकोस. रडले तरी करू नकोस. ही पुरुषमंडळी जमिनीसाठी फार छान रडतात.

४. माझे शहाद्यातले राहते घर, स्वकष्टार्जित, शाळेच्या भिंतीला लागून असलेले, याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी वखवख त्याचीच आहे.

धडगावला माझी शिक्षा म्हणून बदली झाली होती. शिक्षा देणाऱ्यांना एवढेही ठाऊक नव्हते की शहाद्याच्या दिव्यांतून आकाश धड दिसत नाही आणि धडगावला ते डोंगराला टेकलेले असते. दिवेलागण झाली की शाळेच्या मैदानात मी दुर्बीण लावायचे. रुपा तेव्हा आठवीत होती, घरी पावरा आदिवासींची पावरी बोलणारी, वर्गात मराठी मोजून वापरणारी. तिने शनी पाहिला. मग उठून दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला गेली आणि नळीत वाकून पाहू लागली.

"काय शोधतेस?"

"बाई, आत चित्र चिकटवलंय का ते बघते."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा स्वच्छ संशय कोणी घेतला नव्हता. मैदानी मुलुखातली माझी हुशार पोरे सांगितलेले सगळे मान्य करून नव्वद टक्के मिळवत आली. मी रुपाला दुर्बीण हवी तिकडे वळवू दिली. शनी निसटला, तिने तो पुन्हा धरला, आणि मग कुठे तिचा विश्वास बसला.

पुढच्या आठवड्यात तिने वर्गात विचारले, "बाई, सगळं विश्व पसरतंय म्हणता. मग आमचं गाव धडगावपासून लांब का जात नाही? मी रोज तेवढंच चालते."

प्रश्न बरोबर होता. मी सांगितले की पसरते ते दीर्घिकांमधले अंतर. जवळच्या वस्तू एकमेकींना धरून असतात, म्हणून गावे, डोंगर, चंद्र जागच्या जागी राहतात. तिने ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे धरून ठेवलं तरच." हो, मी म्हटले, तरच.

मी निवृत्त होऊन शहाद्याला परतले. रुपा कॉलेजसाठी खाली आली. आमच्या गल्लीत खोल्या रिकाम्या होत्या. ती गावाचे नाव सांगेपर्यंत त्या रिकाम्या असायच्या. सांगितल्यावर लगेच कोणाचा तरी पाहुणा यायचा असायचा. ती माझ्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी परत जाते." मी पिशवी आत नेली.

तेव्हापासून माझ्या भावजय रंजनाबाई माझ्याकडे पाणी प्यायल्या नाहीत. "तिन्हा हातनं पानी पेस तू?" असे त्यांनी मला माझ्याच ओट्यावर विचारले. रंजनाबाई गल्लीत ज्ञानी मानल्या जातात. धीरजच्या वास्तुशांतीचे बोलावणे आले, तेव्हा निरोप होता, फुई, एकटी ये. मी गेले नाही. त्या दिवशी मी आणि रुपा घरीच जेवलो आणि ती माझ्याशी प्रकाशाच्या वेगावरून भांडली. रुपा तीन वर्षे या घरात राहून बी.एस्सी. झाली. भाड्याची गोष्ट तिने काढली की मी तिला पाढे म्हणायला लावायचे.

गेल्या महिन्यात माझे दुखणे कळले आणि नवनीतभाई आले. इतक्या वर्षांनी. खुर्चीत बसून आधी छताकडे पाहिले, मग भिंती. माझ्याकडे शेवटी.

"जसु, हाई घर संस्थाले दी टाक. नवी कमान करनी शे. कमानवर तुन्हं नाव टाकसूत."

"नावना पुढे काय लिखशी?"

"शिक्षणप्रेमी."

मला हसू आले आणि पोटात कळही आली. मी म्हटले, "भाई, मी मरी ऱ्हायनू. एकदा तरी इचार, कसं वाटी ऱ्हायनं." त्याने नजर खाली घातली. एक क्षण मला वाटले, हा आता भाऊ होईल. माझ्या सेवेसाठी रजा घेऊन आलेली रुपा तेवढ्यात चहा घेऊन आली. "काका, घ्या," म्हणाली. त्याने कप घेतला, स्टुलावर ठेवला आणि कमानीच्या दगडाबद्दल बोलत राहिला. रुपा दारात उभी होती. चहावर साय धरली. तो उठून गेला. रुपाने कप उचलला आणि धुतला. त्या वेळी या घराचा निर्णय झाला.

सबब, हे घर सातपुड्यातून शहाद्याला विज्ञान शिकायला येणाऱ्या मुलींना राहण्यासाठी द्यावे. मालकी रुपा दिवाल्या पावरा हिच्या नावे राहील. गच्चीवर पत्र्याची शेड टाकू नये. शाळेच्या भिंतीकडे दार काढू नये. संस्थेने कमान बांधायची तर स्वतःच्या हद्दीत बांधावी आणि तिच्यावर अध्यक्षांचेच नाव टाकावे. मध्यभागी.

५. बँकेतल्या ठेवी घराच्या दुरुस्तीसाठी आणि तिथल्या मुलींच्या जेवणासाठी वापराव्यात. माझी स्कूटर धीरजला द्यावी. ती उतारावर चांगली चालते, त्याला जमेल.

६. माझ्या अंत्यविधीला रुपाने अग्नी द्यावा. तिची हरकत असल्यास विद्युतदाहिनी शोधावी. भावाला त्रास देऊ नये. दहावे, तेरावे करू नये. शाळेत शोकसभा घेऊ नये. मुख्याध्यापक बदलले आहेत, पण भाषण तेच असणार. माझ्या नावाने सुट्टी देऊ नये. सुट्टी दिली तर पोरे मला मनापासून दुवा देतील हे मला माहीत आहे. तरीही देऊ नये. त्या दिवशी नववीला विज्ञानाचा तास असेल तर तो भरवावा, आणि शिकवणाऱ्याने पुस्तक मिटून शिकवावे. कोणी उलटा प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नये. माझे एवढेच मागणे आहे, आणि ते मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्यातला एकही शब्द सौम्य करावासा वाटला नाही. खालील दोघांच्या देखत सही करत आहे. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

जसोदा रूपचंद पाटील
(सही)

साक्षीदार :
१. डॉ. हेमकांत वसावे, शहादा (सही)
२. रुक्मिणीबाई भटू माळी, निवृत्त परिचारिका, शेजारी (सही)

ठिकाण : शहादा, जिल्हा नंदुरबार
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५