पाच पूर्णांक पंच्याण्णव

३ मार्च, मंगळवार

जॉइंट उडाला. वीज सोडल्यावर दहाव्या मिनिटाला. दादा नुकताच खड्ड्यातून वर आला होता.

केबलची दोन टोकं जोडायची, वर रबरी स्लीव्ह चढवायची – हे त्याचं वीस वर्षांचं काम. पण या नव्या स्लीव्हचा आकार माझ्या गणितातून ठरलेला. असा हा पहिलाच जॉइंट.

घरी आला तेव्हा भुवया करपलेल्या. वहिनी बर्फ आणायला धावली. हा हसतोय – "तुझ्या कॉम्प्युटरात उडतो का गं कधी?"

४ मार्च

साहेब म्हणाले, "तुझं गणित चोख आहे. केबल सोलताना चाकूचा ओरखडा राहिला असणार." आमचं नातं माहीत असूनही माझ्याकडे बघून म्हणाले.

दादा जेवला नाही. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसला.

५ मार्च

सापडलं.

केबलचं प्लॅस्टिक आणि स्लीव्हचं रबर जिथे एकमेकांना टेकतात, तिथे विद्युतक्षेत्र, म्हणजे विजेचा ताण, एकदम उडी मारतं. रबरात ४.१, प्लॅस्टिकात ७.८. मर्यादा ६, त्यावर गेलं की जॉइंट फुटतो. पण प्रोग्रॅम चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून सीमेवर दोन्हींची सरासरी काढतो. ते बंद करायचं असतं. मी केलं नाही. सरासरी आली ५.९५, आणि मी खाली सही ठोकली. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी!

६ मार्च

दादाला चित्र दाखवलं. दोनदा समजावलं.

"म्हणजे माझा हात नाही चुकला?"

"नाही रे."

"बरं झालं." मग हळूच – "कुणाला बोललीस?"

"सोमवारी बोलणार."

मान हलवली आणि पोटभर जेवला.

८ मार्च

पत्र लिहिलं. चार वेळा. लाज वाटते, भीती त्याहून जास्त.

९ मार्च, सोमवार

पत्र दिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली, परत माझ्या हातात ठेवलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. दादाचं अक्षर, शनिवारची तारीख. "ओरखडा माझ्याकडूनच राहिला."

"आता हे प्रकरण बंद झालंय," म्हणाले. "भावाला खोटं पाडायचंय का?"

घरी येऊन दादावर ओरडले. तो बूट काढत होता. "माझे खांदे गेलेच आहेत. दोन वर्षांत सोडणारच होतो. तुझं तरी नाव राहू दे." वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी. रडले फक्त.

११ मार्च

दादाच्या कबुलीमुळे माझी स्लीव्ह निर्दोष ठरली. आज तशाच चाळीस बनवायला गेल्या.