विहिरीजवळचा फणस

बिन महमूद, दोहा
२००३

भाई,

गावचं घर विकलंस, मला विचारलंसही नाही. इथे एक बाई अजून त्यात राहते.

शेजारची सनजिदा बर्मातली रोहिंग्या. तिकडे तिचं घर जाळलं. इथे कळलं तर परत पाठवतील, म्हणून मी तिला आपली चुलतबहीण करून टाकलंय, मुंबईत वाढलेली. कोकणातल्या बायका भेटल्या की आधी गाव विचारतात. मग ती आपली पडवी, विहीर, विहिरीजवळचा फणस सांगत सुटते. मीच शिकवलंय सगळं. ह्यांची ड्युटी दूर उत्तरेला, शमालला; दिवसभर आम्ही दोघीच बोलता बोलता गावच्या त्या घरात फिरतो.

लिहिता लिहिता पत्रात तिचं खरं आलं, आता हे पोस्टात टाकता येणार नाही.

आज म्हणाली, "आपा, एकदा आपल्या घरी जाऊ या."

मी इन्शाल्ला म्हटलं.

तुझी बहीण,
मेहरुख